स्कूटर तिरकी का करायची?

ज्यांच्या घरी चेतक होती त्यांना ती कसरत आठवत असेल. किका मारून मारून पाय भरून आला की वडील उतरायचे, स्कूटर पोटाशी धरून चांगली तिरकी करायचे, क्षणभर थांबायचे आणि परत सरळ. पुढच्याच किकेला फट्‌फट्‌फट्! आम्हा पोरांना तो मंत्रच वाटायचा. त्यामागचं शास्त्र मला कळलं ते जिन्याखाली कित्येक वर्षं धूळ खात पडलेली तीच स्कूटर पुन्हा उभी करायला घेतली तेव्हा.

माझा समज असा, की डेंटिंग-पेंटिंग केलं, सीटचं कव्हर बदललं की झालं. नाना पेठेतून पार्ट्सची पिशवी भरून आणली. मेकॅनिककाकांनी त्यातून आधी काय उचलावं? दोन काळ्या रबरी चकत्या. ऑइल सील. "रंगाचं नंतर बघू," म्हणाले, "आधी हिचा दम बघू."

दम हा शब्द अगदी नेमका होता. टू-स्ट्रोक इंजिनाला मोटारीसारखे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन वर गेला की खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे पिस्टनच्या वर स्फोट आणि खाली लोहाराचा भाता, दोन्ही एकाच वेळी. चेतकचा बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही ५७. हिशेब करा, १४५ सीसी आणि थोडं वर. मिनिटाला ३,००० फेरे धरले तर हा भाता सेकंदाला ५० वेळा चालतो.

मग भात्याचं झाकण कुठलं? इथे मी खरोखर तोंडात बोट घातलं. झाकण म्हणजे खुद्द क्रँक! त्याच्या जाड चकतीची कड एका भागात कापलेली असते. चकती फिरताना कापलेला भाग मिश्रण आत येणाऱ्या भोकासमोर आला की वाट उघडी, भरीव भाग आला की बंद. स्प्रिंग नाही, जास्तीचा एक पार्टसुद्धा नाही. चकती आणि क्रँककेसमधली फट केसाहून बारीक, आणि ती बुजवतो पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा पातळ थर. तिथे वाळूचा एक कण शिरला आणि ओरखडा पडला, की ती क्रँककेस जवळजवळ भंगारात गेली म्हणायची.

आता त्या रबरी चकत्या. क्रँकची दोन टोकं भात्यातून बाहेर निघतात, एक फ्लायव्हीलकडे, दुसरं क्लचकडे. दोन्हीकडे एकेक सील. स्कूटर नुसती उभी राहिली तरी रबर वर्षागणिक कडक होतं आणि दम सुटतो. फ्लायव्हीलकडचं सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप किंचाळायला लागतं, तापतं, शेवटी पिस्टन जॅम. क्लचकडचं गेलं तर इंजिन गिअरचं ऑइल प्यायला लागतं आणि मागे पांढरा धूर सोडतं. काकांनी धूर बघूनच निदान केलं होतं. मी उगाच कार्बोरेटर खोलून बसलो होतो.

तिरकं करण्याचं कोडंही इथेच सुटलं. गाडी कलती केली की कार्बोरेटरच्या फ्लोटचं गणित बिघडतं आणि जास्तीचं पेट्रोल इंजिनाकडे जातं. चोरून शिरणाऱ्या हवेने मिश्रण पातळ झालं असेल तर त्याची भरपाई होते. आमची स्कूटर फुटक्या सीलवर बरीच वर्षं चालली, ती अशी.

फ्लायव्हीलचं कौतुक तर वेगळंच. आत लोहचुंबक, बाहेर पंख्याची पाती. फिरता फिरता तेच ठिणगीला आणि दिव्याला वीज देतं आणि सिलिंडरला वारा घालतं. ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. सिग्नलला थांबलं की हेडलाइट मिणमिणायचा, तो त्यामुळेच.

ही बुद्धी मुळात विमानवाल्याची. १९४६ मध्ये इटलीत व्हेस्पा जन्माला घालणारा कोरादिनो दास्कानिओ हा विमान आणि हेलिकॉप्टरचा इंजिनिअर; मोटरसायकली त्याला आवडतच नव्हत्या. म्हणून वेगळी चासी नाही, पत्राच सगळा भार उचलतो. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं. बजाजने व्हेस्पाच्या मूळ कंपनीच्या, पियाजिओच्या, परवान्यावर व्हेस्पा बनवल्या आणि परवाना संपल्यावर १९७२ मध्ये त्याच घडणीची चेतक काढली. पत्राच हाडं असल्यामुळे पाय ठेवायच्या जागी मॅटखाली धरलेला गंज नुसता रंगाखाली दडवून चालत नाही. आमच्या फ्लोअरमधून बोट आरपार गेलं. नवा पत्रा जोडण्यात दोन आठवडे गेले.

रंग शेवटीच झाला. पहिल्या दिवशी वडील खाली आले, हँडल धरलं आणि किक मारायच्या आधी सवयीने स्कूटर तिरकी केली. दहा किका झाल्या, चालू होईना. काकांनी प्लग काढला. पेट्रोलने चिंब.

"आता नका हो वाकवू तिला," ते प्लग पुसत म्हणाले.