जुनी तरफेची रायफल : ओळख, मोल आणि काडतूस

शेतकऱ्याच्या घरीं जुनें हत्यार असणें ही नवलाची गोष्ट नव्हे. रानडुकरांपासून पिकाचें व हिंस्र पशूंपासून गुरांचें रक्षण व्हावें म्हणून आजोबांनीं घेतलेली बंदूक नातवाच्या वाट्यास येते. अमेरिकेंतील शेतकरी घराण्यांतहि हीच वहिवाट आहे. हरणाच्या शिकारीकरितां घेतलेली, चापाखालची तरफ पुढें ढकलून भरावयाची रायफल तेथें पुष्कळ घरीं वारशानें येते. असें हत्यार हातीं आलें म्हणजे तीन प्रश्न उभे राहतात. हें हत्यार कोणतें? याचें मोल काय? आणि याला काडतूस कोणतें व कोठें मिळावयाचें? हे तीन प्रश्न वेगळे दिसले तरी त्यांची किल्ली एकच आहे, ती म्हणजे काडतुसाचें पूर्ण नांव. नुसता आंकडा पुरत नाहीं. हा भेद ज्याच्या ध्यानांत आला नाहीं त्याची बंदूकच नव्हे, तर डोळा किंवा हातहि धोक्यांत येतो. विषय स्पष्ट व्हावा म्हणून आम्ही 'सॅव्हेज ९९' ही एकच अमेरिकन रायफल उदाहरणादाखल घेत आहों.

जमैका बेटांत १८५७ सालीं जन्मलेल्या आर्थर सॅव्हेज यांनीं ही रचना सिद्ध केली. प्रथम १८९५ चा नमुना निघाला. त्यांत सुधारणा होऊन १८९९ चा नमुना न्यूयॉर्क संस्थानांतील युटिका येथील कारखान्यांत बनूं लागला. पुढें त्यासच 'नमुना ९९' असें नांव पडलें. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत ही रायफल बनत होती, व १९६० सालींच तिच्या अनुक्रमांकानें दहा लाखांचा आंकडा गांठला होता. इतक्या दीर्घ काळांत तिचीं अनेक रूपें झालीं; म्हणूनच ओळख काळजीपूर्वक करावी लागते.

पहिलें काम हत्यार रिकामें असल्याची खात्री करणें हें होय. नळीचें तोंड निर्धोक दिशेस धरून तरफ पूर्ण उघडावी, आणि काडतुसाची कोठी व खालचें भांडार हीं दोन्ही डोळ्यांनीं व बोटानें तपासावीं. खात्री झाल्यावांचून पुढील तपासणीस हात घालूं नये.

आतां ओळखीच्या खुणा पाहूं. विंचेस्टर कारखान्याच्या १८९४ च्या प्रसिद्ध रायफलींत ठोका देणारा घोडा बाहेर दिसतो, व काडतुसें नळीखालच्या दुसऱ्या लांब नळींत एकामागें एक बसतात. तेथें मागच्या गोळीचें टोंक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेंकतें, म्हणून टोंकदार गोळी वापरणें धोक्याचें, व चपट्या तोंडाचीच गोळी घ्यावी लागते. सॅव्हेजमध्यें बाहेर घोडा नाहीं. जुन्या रूपांत काडतुसें पोटांतील फिरत्या चक्रांत एकमेकांशेजारीं बसतात, त्यामुळें टोंकदार गोळीहि चालते. त्या चक्रांत किती काडतुसें उरलीं हें दाखविणारी पितळी आंकडेचकती डाव्या बाजूच्या लहानशा खिडकींतून दिसते. १९६५ पासून निघालेल्या कांहीं रायफलींत चक्राऐवजीं काढतां येणारी पेटी आहे.

अनुक्रमांक यंत्रभागाच्या खालच्या बाजूस, तरफेच्या पुढें सांपडतो. तोच आंकडा दस्त्याच्या टोंकास बसविलेल्या पत्र्यावर व लांकडी भागांच्या आंतल्या बाजूसहि असावा. सर्व ठिकाणीं आंकडा जुळला, तर भाग मूळचे आहेत असें समजावें. नळीवरील पत्ताहि उपयोगी पडतो. कारखाना दुसरें महायुद्ध संपल्यावर युटिकाहून चिकोपी फॉल्स येथें, व १९६० च्या सुमारास वेस्टफील्ड येथें गेला. हीं दोन्ही गांवें मॅसॅच्युसेट्स संस्थानांत आहेत. परंतु पत्ता हा काळाचा अंदाज देतो, निर्णय नव्हे.

खरा निर्णय नळीवर कोरलेल्या काडतुसाच्या नांवानें होतो. आपल्याकडे 'थ्री नॉट थ्री' म्हटलें कीं लष्कर व पोलीस यांची ब्रिटिश रायफल डोळ्यांपुढें उभी राहते. सॅव्हेजवरहि .३०३ हा आंकडा आढळतो, पण '.३०३ सॅव्हेज' व '.३०३ ब्रिटिश' हीं दोन निराळीं काडतुसें आहेत. पहिल्याचें कवच सुमारें ५१ मिलिमीटर लांब, तर दुसऱ्याचें सुमारें ५६ मिलिमीटर. ब्रिटिश काडतुसाच्या बुडाची कडहि अधिक रुंद, व गोळीहि किंचित जाड. एकाच्या जागीं दुसरें कधींहि घालूं नये.

दुसरें उदाहरण याहून फसवें आहे. १९२० सालचें '.३०० सॅव्हेज' व १९५२ सालचें '.३०८ विंचेस्टर' या दोहोंच्या गोळीची जाडी एकच, ७.८२ मिलिमीटर आहे. आणि ९९ ही रायफल दोहोंकरितांहि बनत असे. पण पहिल्याचें कवच सुमारें ४७.५ व दुसऱ्याचें सुमारें ५१ मिलिमीटर लांब आहे. आंखूड काडतूस लांब कोठींत शिरतें, उडतेंहि. मात्र आधाराअभावीं त्याचें कवच फाटून तप्त वायु मागें येण्याचा संभव असतो. तात्पर्य, काडतूस कोठींत शिरलें म्हणजे तें योग्य ठरलें असें नव्हे.

नांव पुसट झालें असेल किंवा नळी बदलल्याचा संशय असेल, तर जाणत्या बंदूक-कारागिराकडे जावें. उकळत्या पाण्याहूनहि कमी उष्णतेंत वितळणारा मिश्रधातु कोठींत ओतून तो तिचा ठसा घेतो व तो मोजून काडतूस ठरवितो. आगीच्या परीक्षेनें ठरविण्याचा मोह कोणीं धरूं नये.

मोलाचा विचार करतांना पहिला नियम हा कीं, हत्यार घासून चकचकीत करूं नये. अमेरिकेंतील संग्राहक धातूवरील मूळ निळसर-काळ्या रंगापैकीं किती भाग शिल्लक आहे याची टक्केवारी पाहून भाव ठरवितात. शिरसकागदानें एका दुपारीं घालविलेलें मोल पुन्हां येत नाहीं. जुळते अनुक्रमांक, न कापलेली नळी, मूळ दस्ता व क्वचित् आढळणारें काडतूस यांनीं किंमत चढते. दुर्बीण बसविण्यासाठीं मागाहून पाडलेलीं भोंकें, नवा मुलामा व यंत्रभागालगत दस्त्यास गेलेली चीर यांनीं ती उतरते. कोरडें मऊ फडकें व तेलाचा पातळ हात एवढीच मशागत पुरे.

काडतुसाच्या बाबतींत सर्वांची स्थिति सारखी नाहीं. '.३०८ विंचेस्टर' व '.२४३ विंचेस्टर' अमेरिकेंत सर्वत्र मिळतात. '.३०० सॅव्हेज' मोठे कारखाने अजून भरतात. १९१५ चें '.२५० सॅव्हेज' थोड्या प्रमाणांत निघतें, व '.३०३ सॅव्हेज' मुख्यतः लहान कारखानदारांकडे शोधावें लागतें. १९१२ चें '.२२ हाय पॉवर' युरोपांत '५.६×५२ आर' या नांवानें ओळखलें जातें व चेक देशांतील सेलिए आणि बेलो हा कारखाना तें बनवितो. नांवाची ही जोडी ठाऊक नसेल तर मिळणारी वस्तूहि अप्राप्य वाटते. याची गोळी ५.७९ मिलिमीटर जाड असून इतर बहुतेक .२२ जातीच्या रायफलींची ५.६९ मिलिमीटर असते, हेंहि ध्यानांत ठेवावें. जुन्या पेटींतील काडतुसें उडवूं नयेत. त्यांचें पितळ ठिसूळ झालेलें असतें, व जुन्या टोप्यांतील क्षार नळींत राहून गंज चढवितात.

आपल्या देशांत या सर्वांच्या आधीं कायदा येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं. परवानाधारक वारला, तर वारसानें हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत अथवा नियमांप्रमाणें परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें, व मग स्वतःच्या परवान्यासाठीं अर्ज करावा. केवळ जुनी आहे म्हणून बंदूक कायद्यांतून सुटत नाहीं; दुरुस्त करूनहि उडूं शकत नाहीं अशाच पुराण्या हत्यारास सूट आहे. .३०३ ब्रिटिश हें काडतूस निषिद्ध वर्गांत मोडतें, म्हणूनच आपल्या सरकारी कारखान्यांनीं नागरिकांसाठीं .३१५ ची रायफल काढली. यास्तव अर्जांत व परवान्यांत नुसता '.३०३' असा आंकडा न लिहितां काडतुसाचें पूर्ण नांव लिहवून घ्यावें. एका शब्दाच्या उणिवेनें हत्यार निषिद्ध ठरण्याचा घोळ होऊं शकतो. परवाना मिळाला तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें परवानगीवांचून शिकार करतां येत नाहीं, हेंहि विसरूं नये.

बीं विकत घेतांना आपण नुसतें 'ज्वारी' म्हणत नाहीं, वाण विचारतों. बंदुकीच्या बाबतींतहि तोच बाणा ठेवावा. पूर्ण नांव वाचावें, माप ताडून पाहावें, दोन्ही लिहून ठेवावीं, आणि तोंवर बार काढूं नये.