गाठ काढली, पण तपासली का?

डोळ्यांखालचे त्वचेच्याच रंगाचे बारीक पुरळ अनेकदा सिरिंगोमा असतात: घामाच्या नलिकेपासून बनलेल्या निरुपद्रवी गाठी. क्रीमने त्या जात नाहीत. तळपायावरचा पोरोमा (घामाच्या नलिकेचीच आणखी एक गाठ; पहिलं वर्णन १९५६) मात्र फसवतो. लालसर, सहज रक्त येणारा. लोक कुरूप किंवा चामखीळ समजून तो घरीच कापतात. हे कृपया करू नका!

खात्री बायोप्सीनेच होते. सूक्ष्मदर्शकाखाली सिरिंगोमाच्या नलिका स्वल्पविरामासारख्या शेपटीदार दिसतात. पेशी आजूबाजूच्या ऊतींत घुसलेल्या, त्यांचं विभाजन वाढलेलं दिसलं, तर कर्करोगाचा संशय येतो. असा कर्करोग दुर्मीळ, पण वरून ओळखणं कठीण. कोथरूडमधल्या एखाद्या छोट्या दवाखान्यात गाठ काढून घेतलीत, तरी ती फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजी तपासणीला पाठवायला सांगा.