काकडीलाही थंडी बाधते

शनिवार-रविवारी आठवड्याची भाजी आणायची, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात भरायची आणि पुढच्या शनिवारपर्यंत पुरवून वापरायची, ही इथल्या बहुतेक मराठी घरांची रीत. कोबी, गाजर, फ्लॉवर आठवडा निभावून नेतात. काकडी मात्र बुधवार-गुरुवारपर्यंत दगा देते. कधी ती लिबलिबीत होते, तर कधी वरून टवटवीत दिसते पण अंगावर ओलसर, खोलगट डाग पडलेले असतात आणि हात लावला की बुळबुळीत लागते.

दोन्ही वेळा आपण एकच म्हणतो, "अजून थंड ठेवायला हवी होती." खरं तर हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात काकडीचं पाणी गेलेलं असतं. दुसऱ्यात तिला थंडी बाधलेली असते, म्हणजे जो इलाज म्हणून आपण करतो तेच तिथे दुखण्याचं कारण असतं. हे दोन आजार वेगळे ओळखता आले, तर निम्मं काम झालं.

कुरकुरीतपणा येतो कुठून?

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. पण पाणी तर कलिंगडातही असतं आणि टोमॅटोतही. कुरकुरीतपणा येतो तो हे पाणी कसं कोंडलेलं आहे त्यातून.

काकडीची प्रत्येक पेशी ही सायकलच्या चाकासारखी समजा. आतली ट्यूब म्हणजे पेशीपटल आणि बाहेरचा टायर म्हणजे पेशीभित्तिका. ट्यूबमध्ये हवेऐवजी पाणी आहे आणि ते टायरला आतून दाबून धरतं. अशा लाखो टणक पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. तुम्ही दात लावता तेव्हा त्या एकदम फुटतात आणि तो 'कर्र' आवाज येतो. पाण्याचा दाब उतरला की पेशी फुटण्याऐवजी दबते आणि काकडी रबरासारखी चावत बसावी लागते. साधारण ५ ते ७ टक्के वजन घटलं की हा फरक बोटांना जाणवू लागतो. २०० ग्रॅमच्या काकडीतून जेमतेम दोन-तीन चमचे पाणी गेलं, तरी तिचा दिमाख उतरतो.

वेलीवर असताना हे पाणी मुळांकडून सतत भरून निघत असतं. खुडल्यावर नळ बंद होतो, पण गळती चालूच राहते.

हवेची तहान मोजता येते

गळती किती वेगाने होणार हे मुख्यतः हवा किती 'तहानलेली' आहे यावर ठरतं. हवा जितकी गरम आणि कोरडी, तितकी तिची तहान मोठी. भौतिकशास्त्रात ही तहान बाष्पदाबाच्या फरकाने, किलोपास्कलमध्ये मोजतात. आपण तीन ठिकाणांचा हिशेब करून पाहू.

काकडीसाठी आदर्श शीतखोलीत तापमान १० ते १२.५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९५ टक्के असते. १२ अंशांना तिथल्या हवेची तहान होते फक्त ०.०७ किलोपास्कल. एसी चालू असलेल्या घरात, २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला, ती होते सुमारे १.५. आणि अल ऐनकडच्या उन्हाळ्यात दुपारी ४० अंश आणि ३० टक्के आर्द्रता धरली, तर ती ५ च्या वर जाते.

वारा आणि सालीवरचा मेणाचा थर हे बारकावे बाजूला ठेवले, तर याचा अर्थ असा: उन्हाळी दुपारी बाहेर गेलेला एक तास म्हणजे शीतखोलीतले जवळपास तीन दिवस. एसीतल्या ओट्यावर उघडा गेलेला एक दिवस म्हणजे शीतखोलीतले तीन आठवडे.

म्हणूनच जाणकार शेतकरी काकडी पहाटे खुडतात, लगेच सावलीत नेतात आणि शक्य तितक्या लवकर तिच्या अंगातली ऊब काढून टाकतात. याला प्री-कूलिंग म्हणतात. ऊब काढणं दुसऱ्या कारणासाठीही गरजेचं असतं. खुडलेली काकडी जिवंतच असते. ती श्वास घेते आणि साठवलेली साखर जाळते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा श्वासाचा वेग ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो.

आपल्या बाजूने पाहायचं तर, भाजी घेऊन मग इतर कामं उरकण्याऐवजी इतर कामं उरकून शेवटी भाजी घेणं शहाणपणाचं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काढलेल्या एका तासाची भरपाई घरचा कोणताही फ्रिज करू शकत नाही.

मग फ्रिजमध्ये बिघडतं काय?

पाण्याच्या हिशेबाने फ्रिज उत्तमच. पण घरातला फ्रिज ४-५ अंशांवर चालतो आणि काकडीचं कूळ उष्ण प्रदेशातलं. तिची पेशीपटलं स्निग्ध रेणूंची बनलेली असतात. उबेत ती तेलासारखी लवचीक राहतात. १० अंशांच्या खाली ती हळूहळू थिजू लागतात, जसं भारतातल्या हिवाळ्यात खोबरेल बाटलीत थिजतं. थिजलेल्या पटलाला सूक्ष्म फटी पडतात आणि आतले क्षार व पाणी पेशींमधल्या मोकळ्या जागांत झिरपतं. ते ओलसर डाग म्हणजे हेच झिरपलेलं पाणी. मग बुरशी आणि जिवाणूंना आयतं आमंत्रण मिळतं.

ही बाधा लगेच दिसत नाही. दोन-तीन दिवसांपर्यंतची थंडी काकडी बहुधा सोसते. त्याहून जास्त दिवस गेले की नुकसान साचत जातं आणि काकडी बाहेरच्या उबेत आली की ते एकदम उघडं पडतं. म्हणून फ्रिजमधून काढताना चांगली दिसलेली काकडी संध्याकाळपर्यंत ओट्यावर खराब होते आणि आपण दोष ओट्याला देतो.

आता दोन आजारांमधला फरक ओळखायची सोपी चाचणी. मऊ पडलेल्या काकडीचं टोक कापा आणि तिला अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा. ती पुन्हा ताठ झाली तर फक्त पाणी गेलं होतं, म्हणजे ट्यूबमधली हवा कमी झाली होती. नाहीच झाली तर पटलं फाटली आहेत, म्हणजे ट्यूब पंक्चर आहे. पंक्चर ट्यूबमध्ये कितीही हवा भरा, ती टिकत नाही.

हापूसच्या पेटीशेजारी नको

काकडीचा तिसरा शत्रू दिसत नाही आणि जाणवतही नाही. तो म्हणजे इथिलीन वायू. पिकणारी फळं तो सोडतात आणि त्याच्यामुळे शेजारची फळंही पिकतात. भारतात आंबे-केळी पिकवण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वापरायला परवानगी दिली, ती याच गुणामुळे.

काकडीच्या बाबतीत हा गुण उलटा पडतो. आपण ती कोवळी, अपक्व असतानाच खुडतो. तिला पुढे पिकून गोड व्हायचं नसतं. इथिलीनमुळे तिचं हरितद्रव्य विघटित होतं, ती पिवळी पडते आणि लवकर म्हातारी होते. त्यासाठी अवघे १ ते ५ पीपीएम पुरतात. एप्रिल-मेमध्ये हापूसची पेटी घरी आली की काकडी तिच्यापासून लांब ठेवा. केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो आणि खरबूज यांच्या बाबतीतही हाच नियम.

आजीचं तवसं मग कसं टिकायचं?

कोकणातल्या वाचकांना इथे प्रश्न पडेल. पावसाळ्यात वेलीवर वाढलेली मोठी तवशी गावी आढ्याला टांगून ठेवत आणि त्यातलं एखादं पुढे धोंडस करायला काढत. ना फ्रिज, ना शीतखोली. मग इथली काकडी आठवडाभरही का टिकू नये?

फरक वयाचा आणि आकाराचा आहे. तवसं वेलीवर जून झालेलं असतं. त्याची साल जाड असते आणि श्वासही मंदावलेला असतो. शिवाय मोठ्या फळात वजनाच्या मानाने साल कमी असते, त्यामुळे पाणी निसटायला वाट कमी. टांगल्यामुळे चहूबाजूंनी हवा लागते, फळ कशाला टेकत नाही आणि कुजत नाही.

इथे 'खियार' म्हणून मिळणारी छोटी, गडद हिरवी, गुळगुळीत काकडी याच्या नेमकी उलट. बियाण्यांच्या व्यवहारात तिला 'बेट अल्फा' प्रकार म्हणतात. परागीभवनाशिवाय फळ धरत असल्याने ती बंद पॉलीहाऊसला सोयीची. बिया नावापुरत्या, आणि साल इतकी पातळ की सोलावीच लागत नाही. आपल्याला आवडणारा हा नाजूकपणाच तिचं आयुष्य कमी करतो. कोवळेपणा आणि टिकाऊपणा एकाच फळात मागता येत नाहीत.

एका काकडीचं मोल

दोन-चार दिरहमांच्या काकड्या फेकल्या तर एवढं काय बिघडलं, असं वाटू शकतं. पण या देशात काकडी पिकवणं मुळात सोपं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, शेख झायेद यांच्या पाठबळाने, अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अबू धाबीच्या सादियात बेटावर पॉलिथिनची ग्रीनहाऊस उभारली. समुद्राचं पाणी गोडं करून वाळूत भाजी पिकवायची, असा तो प्रयोग होता. त्यात काकडीही होती. आज त्याच बेटावर आपण लूव्र संग्रहालय पाहायला जातो.

त्यानंतर काकडी हे इथल्या पॉलीहाऊसचं एक मुख्य पीक झालं. पण मूळ अडचण तशीच आहे. पाऊस वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास. शेतीला प्रामुख्याने भूजल आणि तेही अनेक ठिकाणी खारट. उन्हाळ्यात पॉलीहाऊस थंड ठेवायला ओल्या पॅडमधून हवा खेचतात, आपल्या विदर्भातल्या कूलरसारखी. या थंडाव्यासाठी लागणारं पाणी सिंचनाच्या पाण्याहूनही जास्त होऊ शकतं. त्यामुळे फ्रिजमध्ये सडलेल्या काकडीबरोबर तिच्या अंगातलं पाणी जातं आणि तिला उन्हापासून वाचवण्यासाठी खर्ची पडलेलं पाणीही जातं.

प्लास्टिकचा प्रश्नही इथेच येतो. लांब इंग्लिश काकडीवरचं घट्ट प्लास्टिक पाहून अनेकांना राग येतो. स्वित्झर्लंडच्या 'एम्पा' या संशोधन संस्थेने स्पेनहून तिथे येणाऱ्या काकड्यांचा हिशेब मांडला. एका काकडीच्या एकूण पर्यावरणीय भारात आवरणाचा वाटा जेमतेम १ टक्का निघाला. एक काकडी वाया जाण्याने पडणारा भार ९३ आवरणांएवढा ठरला. इथले आकडे वेगळे येतील, कारण पाणी, अंतर आणि ऊर्जा सगळंच वेगळं आहे. पण तराजूचं कोणतं पारडं जड आहे, हे त्यातून कळतं.

तर घरी काय करायचं?

१. चार दिवसांत संपेल तेवढीच काकडी घ्या. काकडीसाठी आठवड्यातून दोन फेऱ्या परवडल्या.

२. धुवायची असेल तर वापरण्याआधी धुवा. आधी धुतलीच तर पूर्ण कोरडी करा.

३. प्रत्येक काकडी किचन टॉवेलच्या कागदात गुंडाळा आणि सगळ्या एका पिशवीत ठेवा. पिशवीचं तोंड सैल दुमडा. पिशवी पाणी अडवते आणि कागद दव टिपतो. नुसत्या घट्ट पिशवीत थेंब साचून बुरशी येते.

४. फ्रिजमधली सगळ्यात कमी थंड जागा निवडा, म्हणजे बहुधा दाराचा कप्पा. मागच्या भिंतीला टेकवून कधीच ठेवू नका. मात्र काकडीसाठी अख्ख्या फ्रिजचं तापमान वाढवू नका, दुधाला आणि शिजवलेल्या अन्नाला थंडीच हवी.

५. एकदा फ्रिजमध्ये गेलेली काकडी बाहेर काढून साठवू नका. काढली की खा. आज-उद्याच खायची असेल तर कागद-पिशवीत गुंडाळून एसीच्या खोलीत, फळांपासून दूर ठेवली तरी चालते.

६. कापलेली काकडी मात्र झाकून फ्रिजमध्येच ठेवा. तिथे जंतूंचा धोका थंडीच्या बाधेपेक्षा मोठा.

७. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घाला. मीठ पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं आणि दहा मिनिटांत वाटीत तळं साचतं.

विश्वास ठेवण्याआधी स्वतः तपासून पाहायचं असेल, तर घरातल्या वजनकाट्यावर करता येणारा एक प्रयोग मुलांना द्या. सारख्या आकाराच्या चार काकड्या घ्या. एक ओट्यावर उघडी, एक ओट्यावर कागद-पिशवीत, एक फ्रिजमध्ये उघडी आणि एक फ्रिजमध्ये कागद-पिशवीत. पाच दिवस रोज त्याच वेळी वजन लिहा. मग चारही काकड्या दोन दिवस ओट्यावर ठेवा आणि डाग मोजा. वजन सगळ्यात जास्त घटेल ते ओट्यावरच्या उघड्या काकडीचं. डाग मात्र फ्रिजमधून आलेल्या काकड्यांवर आधी दिसण्याची शक्यता जास्त. एका तक्त्यात पाणी जाणं आणि दुसऱ्यात थंडी बाधणं, असे दोन्ही आजार मुलांना वेगवेगळे दिसतील. प्रयोग संपल्यावर ज्या धड राहतील त्यांची कोशिंबीर करा.