पंखवाल्या चाकाची पाटी

पुढे भलं मोठं चाक आणि मागे इवलंसं, अशी जुनी सायकल तुम्ही चित्रात पाहिली असेल. ती काही हौसेखातर तशी केलेली नव्हती. तिला साखळीच नव्हती! पायडल थेट पुढच्या चाकाला. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मग वेग हवा तर चाक मोठं करा. दगड आडवा आला की स्वार डोक्यावरून पुढे. म्हणून ही मुख्यतः धाडसी तरुणांची, आणि शर्यतींची, सायकल.

पडलो तर उचलायला कोणी हवं ना? म्हणून इंग्लंडात क्लब निघाले. १८७० मध्ये लंडनला पिकविक क्लब आणि १८७८ मध्ये हॅरोगेटला सायकलवरून भटकंती करणाऱ्यांचा क्लब. हा दुसरा क्लब 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' म्हणून पुढे फार वाढला. धोक्याच्या उतारांवर त्याने इशाऱ्याच्या पाट्या लावल्या. खाणावळींशी करार करून सभासदांना ठरलेल्या दरात जेवण-मुक्काम मिळवून दिला. अशा खाणावळीवर पंख असलेल्या चाकाची पाटी असे.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची साखळीची 'रोव्हर' आली, १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर. आता बायकाही सायकल चालवू लागल्या. पण पायघोळ झगा साखळीत अडकायचा, म्हणून काहींनी ढगळ विजार घातली. आणि इथेच घोडं अडलं.

ऑक्टोबर १८९८. सरे परगण्यातल्या ऑकम गावी लेडी हार्बर्टन 'हॉटबॉय' हॉटेलात जेवायला थांबल्या. त्या क्लबच्या सभासद, हॉटेल क्लबच्या यादीतलं. पण मालकीणबाई म्हणाल्या, या वेषात कॉफी-रूममध्ये बसता येणार नाही. बसायचं तर दारू पिणाऱ्या पुरुषांच्या खोलीत बसा. बाईसाहेब उठून निघून गेल्या.

क्लब मात्र गप्प बसला नाही. प्रवाशाला जेवण नाकारणं हा तिथे गुन्हा होता, त्यामुळे प्रकरण कोर्टात गेलं. १८९९ मध्ये ज्यूरीने मालकिणीला निर्दोष ठरवलं, कारण जेवण तर देऊ केलं होतं, फक्त दुसऱ्या खोलीत! विजार घालावी की नाही, यावर कोर्टाला निकाल द्यावाच लागला नाही.