गादा, रोही आणि आमची आत्या

आमच्या चांदूर रेल्वेत पाण्याचे कौतुक म्हणजे मालखेडचा तलाव. मुंबई-नागपूरची गाडी गावावरून जाते खरी, पण त्या रुळांवरून जाऊन समुद्र पाहावा असे आमच्या आत्याला सत्तरी उलटेपर्यंत कधी वाटले नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिला हट्टाने मालवणला नेले. समोर पसरलेला दर्या तिने डोळ्यांवर हात धरून न्याहाळला आणि म्हणाली, "एवढं पानी, अन् घोटभर प्याले नाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून निघालो. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग डावीकडे राहिला. १६६४ साली महाराजांनी त्याचे काम सुरू करविले, हे मी धाकटीला सांगत होतो, तोच ती किंचाळली, "बाबा, ते पाहा!" पाण्यातून करडी, ओली पाठ वर आली, 'फूस्' असा आवाज झाला आणि पाठ पुन्हा आत गेली. मग दुसरी, मग तिसरी. तिसरी आकाराने लहान, पहिलीला अगदी खेटून. आमच्या तांडेलाने लगेच इंजिन बंद केले. पलीकडून दोन होड्या मात्र आरडाओरडा करीत सरळ त्यांच्या अंगावर निघाल्या. पाठी दिसेनाशा झाल्या. आमच्याच होडीतले एक गृहस्थ म्हणाले, "आपणही जवळ घ्या की!" तांडेल जागचा हलला नाही.

कोकणात याला गादा म्हणतात, पुस्तकात डॉल्फिन. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहणारी ही जात. पाठीवर मदार आणि त्या मदारीवर कल्ला. हा मासा नव्हे बरे का! तो पिलाला दूध पाजतो, आणि श्वासासाठी त्याला दर थोड्या वेळाने वर यावेच लागते. म्हणूनच जाळ्यात अडकला की तो पाण्यातच गुदमरतो. मादीला साधारण तीन वर्षांनी एक पिलू होते, त्यामुळे गेलेला भरून निघायला काळ लागतो. आता या जातीची गणना जगातल्या धोक्यात आलेल्या प्राण्यांत होते.

मालवणचा काही समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पण पाण्याला कुंपण घालता येत नाही, आणि गाद्याला हद्द ठाऊक नाही. तेव्हा आधी त्याला ओळखायचे कसे? 'कोकण सिटेशियन रिसर्च टीम' या तरुण अभ्यासकांच्या गटाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर होड्यांतून हे काम केले. कल्ल्याची कड कुणाची फाटलेली, कुणाची खाचलेली; आपल्या बोटांच्या ठशांसारखीच ती प्रत्येकाची निराळी. फोटो काढायचे, जुन्या फोटोंशी ताडून पाहायचे. वर्षभराने तीच खाच पुन्हा दिसली की ओळख पटली. कंटाळवाणे काम आहे, पण याच मंडळींना २०१५ मध्ये येथल्या समुद्रात निळे देवमासेही दिसले.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हॅन्सन नावाचे बेट आहे. पॉल स्पाँग या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये तेथे ठाणे मांडले. ऑर्का या मोठ्या, काळ्यापांढऱ्या डॉल्फिनांच्या मागे होड्या पळवायच्या नाहीत; पाण्यात ध्वनिग्राहक सोडून किनाऱ्यावर बसायचे आणि ऐकायचे, हा त्यांचा नेम. प्रत्येक कुटुंबाची बोली वेगळी, ती ऐकून कोण आले ते कळते. २००२ मध्ये आईवेगळे झालेले एक पिलू दूर अमेरिकेच्या पाण्यात भरकटलेले सापडले. त्याच्या हाकांवरून घराणे ओळखले, त्याला या बेटाजवळ आणून सोडले, आणि ते आपल्या नातलगांत मिसळले! अकरा वर्षांनी त्या मादीला स्वतःचे पिलू झाले. घरी धाकटीला ही गोष्ट मला तीनदा सांगावी लागली.

पण गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती तांडेलाने सांगितली. गादा जाळ्यातली मासळी ओढतो आणि जाळे फाडतो. जाळे म्हणजे कोळ्याची पुंजी. "जाळा फाडता," तो म्हणाला, "पन काय करतलास? तेकापन पोट आसा."

आत्या इतका वेळ गप्प होती. ती एकदम म्हणाली, "म्हंजे तुमच्या इकडचा रोहीच म्हना की! आमची उभी तूर खाऊन जाते." मग त्या दोघांचे जे जमले, ते विचारू नका. रोह्यांनी रात्रीतून किती ओळी साफ केल्या, रानडुकरांनी काय केले, शेतात रात्री मचाणावर कोण बसते, सगळे निघाले. तांडेलाने रानडुक्कर समुद्रात नाही याबद्दल देवाचे आभार मानले. माझ्या पुस्तकी माहितीला कुणी विचारीना.

तेवढ्यात मी सांगून टाकले, की जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी कोळ्याने जाळे कापले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ च्या अखेरीस राज्यात सुरू झाली. आत्याने तांडेलाकडे पाहिले.

"पन पंचनाम्याले कोन येते इतक्या पान्यात?"

"कोन येवचो? आमीच फोटो काढतव," तांडेल म्हणाला आणि त्याने कनवटीचा मोबाइल काढून दाखविला. त्यात जाळ्यातून सुटणारे एक भलेमोठे कासव होते. आत्याने तो फोन हातात घेतला, तो किनारा येईपर्यंत परत दिला नाही.