जुन्या मालमोटारीचे नवे एंजिन

तंजावरचे शहाजीराजे भोसले यांनी १६९३ साली कावेरीच्या उत्तर तीरावरील तिरुविसनल्लूर हे गाव शेहेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्या गावाला शहाजिराजपुरम् असे दुसरे नाव मिळाले. मराठी माणसाला हे गाव ठाऊक असलेच तर या दानामुळे. कुंभकोणम् येथून ते फार दूर नाही. भोवताली तळहातासारखी सपाट भातजमीन, कालवे आणि कालव्यांवरचे अरुंद पूल. कुरुवै भाताची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि सांबा भाताची जानेवारी-फेब्रुवारीत सुरू झाली, की पोती लादलेल्या मालमोटारींची, म्हणजे तिकडच्या बोलीत लॉऱ्यांची, सरकारी खरेदी-केंद्रांकडे रीघ लागते. कुरुवैचे भात उघड्यावर असतानाच ईशान्य मोसमी पाऊस दारात येतो. अशा वेळी वीस वर्षे राबलेल्या लॉरीचे एंजिन बसले, तर एकाच गाडीवर संसार चालविणाऱ्या मालकाचे निम्म्या वर्षाचे उत्पन्न पंधरा दिवसांत बुडू शकते. घाईघाईने तो जे एंजिन पैदा करतो ते पुढे अनेक वर्षे त्याच्या गळ्यात राहते. म्हणून ही निवड कशी करावी हे आधीच जाणून घेतलेले बरे.

हा प्रश्न नवा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या फोर्ड आणि शेव्हरोले मालमोटारी देशभर पसरल्या. त्यांची एंजिने पेट्रोलची होती व मालकांना त्यांचा खर्च झेपेना. इंग्लंडमधील पर्किन्स कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस 'पी-६' नावाचे सहा सिलिंडरांचे, सुमारे पावणेपाच लिटर क्षमतेचे डिझेल एंजिन काढले होते, आणि पेट्रोल एंजिनाच्या जागी बसविण्यासाठी त्याला मोठी मागणी आली. स्वातंत्र्यानंतर मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची एंजिने इथेच बनविण्यास आरंभ केला. ही कंपनी १८४० पासूनची, मुळात घोडागाड्या बांधणारी. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या डॉज आणि फार्गो मालमोटारींतही पर्किन्सचे एंजिन बसू लागले. पुढे १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे मूळचीच डिझेलची मालमोटार सुरू केली. मद्रासला अशोक लेलँड होतीच. त्यानंतर पेट्रोलची मालमोटार रस्त्यावरून हळूहळू नाहीशी झाली.

त्या काळच्या अदलाबदलीत मालकांना जे धडे मिळाले ते आजही शिळे झालेले नाहीत. पेट्रोल एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना गाडी ताशी ८० किलोमीटर जात असे. डिझेल एंजिन २,४०० फेऱ्यांच्या वर जाऊ देत नसत. मागच्या आसातील दात तेच राहिले, तर तीच गाडी ६४ किलोमीटरांवर अडकणार हे साध्या त्रैराशिकाने कळते. डिझेल एंजिन वजनालाही जड, तेव्हा पुढच्या कमानींना जास्तीची पाटी घालावी लागे. सर्वांत धोक्याची गोष्ट मात्र ब्रेकची होती. पेट्रोल एंजिन हवा शोषून घेताना नळीत जी पोकळी निर्माण होते तिच्या जोरावर पुष्कळ गाड्यांचे ब्रेक चालत. डिझेल एंजिनात हवेचा मार्ग आवळलेला नसतो, म्हणून ही पोकळी मिळत नाही. वेगळा निर्वात पंप बसविला नाही, तर चालकाने पायाने कितीही जोर लावला तरी भरलेली गाडी वेळेवर थांबत नसे. आजच्या गाड्यांत ब्रेकसाठी दाबलेली हवा लागते आणि ती पुरविणारा कॉम्प्रेसर एंजिनच फिरविते. नव्या एंजिनावर तो आहे काय व तेवढीच हवा देतो काय, हे अश्वशक्तीच्याही आधी विचारावयास हवे.

अश्वशक्तीच्या आकड्याला मालक फार भुलतात. "जुने शंभराचे होते, हे एकशे तीसचे आहे," असे सांगून दलाल सौदा पटवितो. परंतु शक्ती किती लागते हे रस्ता ठरवितो. दहा टन वजनाची लादलेली मालमोटार सपाट डांबरी रस्त्यावर पुढे ढकलण्यास सुमारे दीडशे किलो वजनाइतका जोर पुरतो. ताशी ५० किलोमीटर वेगाला वाऱ्याच्या अडथळ्याचे आणखी साठएक किलो धरावेत. एवढ्या कामाला चाकांपाशी सुमारे ४० अश्वशक्ती पुरी पडते. आता हीच गाडी वीस फुटांमागे एक फूट चढणाऱ्या घाटात घाला. नुसत्या चढाचाच बोजा पाचशे किलोंचा होतो, आणि तोच वेग राखावयाचा तर १३० अश्वशक्ती हवी. म्हणूनच घाटात गाड्या ताशी पंधरा-वीस किलोमीटरांनी खालच्या गिअरमध्ये कण्हत चढतात.

कावेरीच्या मुखप्रदेशात घाट नाही. तिरुविसनल्लूरहून पोती घेऊन निघालेल्या लॉरीला पुलांचे उतार-चढाव सोडले तर चढ असा लागतच नाही. तिथल्या मालकाने मोठ्या अश्वशक्तीसाठी जादा पैसे मोजले, तर ती शक्ती बहुतेक वेळ निजून राहील आणि डिझेल मात्र तो जास्त जाळील. उलट कुंभार्ली किंवा आंबोली घाटातून कोकणात माल उतरविणाऱ्याने मुखप्रदेशातील स्वस्त एंजिन आणून बसविले, तर पहिल्याच पावसाळ्यात त्याचे डोळे उघडतील. शेजाऱ्याच्या गाडीला जे लागू पडले तेच आपल्या गाडीला लागू पडेल, ही समजूत या व्यवहारात फार महाग पडते.

एंजिनाची ओढ वाढली की तिच्या मागे असलेल्या प्रत्येक भागावर ताण येतो. क्लचची तबकडी, गिअरपेटी, प्रोपेलर शाफ्ट, मागच्या आसातील क्राउन-पिनियन, हे सारे जुन्या ओढीच्या मापाने घडविलेले असतात. तरुण बैल आणि जुने जू अशी ही जोडी होते, व जू मोडल्यावर बैलाचा काही उपयोग नाही. रेडिएटरचेही तसेच. जास्त शक्ती म्हणजे जास्त उष्णता, आणि जुनी, क्षारांनी भरलेली जाळी ती बाहेर टाकू शकत नाही.

म्हणून बहुतेक मालकांच्या बाबतीत उत्तम निवड ही सर्वांत नीरस निवड असते: त्याच कंपनीचे, त्याच जातीचे एंजिन. मूळ एंजिनाचा ब्लॉक तडकलेला नसेल, तर त्यालाच नवे लायनर व पिस्टन घालून, क्रँकशाफ्ट घासून ते पुन्हा बांधावे. ते शक्य नसेल, तर कारखान्याने हमी देऊन पुन्हा बांधलेले एंजिन मिळते काय ते पाहावे. टाटा मोटर्स 'प्रोलाइफ' या नावाने असे सुटे भाग व एंजिने पुरविते. तिसरा मार्ग मोडीत निघालेल्या गाडीच्या एंजिनाचा. त्यासाठी चेन्नईत पुदुपेट आणि मुंबईत कुर्ला या पेठा प्रसिद्ध आहेत. हल्लीच्या गाड्यांतील संगणकाच्या हुकुमावर चालणारे एंजिन जुन्या चासीत बसविण्याच्या नादी मात्र लागू नये. तारांचे आणि संवेदकांचे ते जाळे गावच्या मिस्त्रीला उलगडत नाही, आणि हंगामात गाडीची दुरुस्ती करावयाची ती गावच्या मिस्त्रीलाच.

जुने एंजिन घेताना ते चालू करून पाहिल्याविना पैसे मोजू नयेत. एंजिन गरम झाल्यावरही धूर निळसर येत असेल, तर तेल जळत आहे. काळा येत असेल, तर डिझेल जास्त जात आहे किंवा हवा कमी पडते, आणि हा दोष पुष्कळदा पंपाचा व नोझलचा असल्यामुळे थोडक्यात निघतो. तेल भरावयाचे झाकण काढल्यावर तिथून वाफेसारखे झोत उसळत असतील, तर रिंगा गेल्या. तेल दुधाळ दिसले, तर पाणी आत शिरले आहे. क्रँकशाफ्ट पूर्वी किती घासला आहे हेही विचारावे. घासण्याचे माप इंचाच्या हजारांशांत सांगतात, आणि 'थर्टी' झालेल्या शाफ्टमध्ये पुढच्या दुरुस्तीला फारसे काही उरत नाही.

यानंतर कागदपत्रे. एंजिनाचा क्रमांक हा गाडीच्या नोंदणीपुस्तकाचा भाग आहे, हे विसरून मिस्त्रीचे बिल भागविले की काम संपले असे समजणारे पुष्कळ आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत केलेला असा बदल चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा लागतो. एंजिन त्याच बनावटीचे व जातीचे असेल, तर नोंद सोपी. वेगळे असेल, तर आधी परवानगीचा प्रश्न येतो, आणि उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंद नसलेली गाडी वर्षाकाठच्या तपासणीत अडते. अपघात झाला, तर विमा कंपनीच्या हातीही आयता मुद्दा सापडतो. विकणाऱ्याकडून पावती घ्यावी व तिच्यावर एंजिनाचा क्रमांक लिहून घ्यावा, कारण चोरीच्या गाड्यांची एंजिनेही त्याच पेठांतून वाट काढतात. ब्लॉकवरचा क्रमांक कानशीने घासलेला दिसला, तर किंमत कितीही कमी असो, तेथून परत फिरावे.

पुन्हा बांधलेले एंजिन बसल्यावर पहिले हजार-दीड हजार किलोमीटर त्याला पुरा भार देऊ नये. त्यानंतर तेल व तेलाचा फिल्टर बदलून नट-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. कापणीच्या ऐन दिवसांत हे पथ्य पाळणे कठीण असते, म्हणून तिकडचे जाणते मालक हे काम उन्हाळ्यात, दोन हंगामांच्या मध्ये, उरकून घेतात.