दोन कॉइल, चार वायरी

इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला जोडा, आवाज वाढवा आणि काहीच वाजवू नका. तारांची कंपनं टिपणारा पिकअप एका कॉइलचा असेल तर स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ ऐकू येत राहतं. ती घरातली वीज आहे. भिंतीतल्या वायरी आणि ट्रान्सफॉर्मर यांच्याभोवतीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र कॉइल टिपते. आपल्याकडे ही वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० हर्ट्झची.

या घूंवर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये अमेरिकेतल्या कॅलमझू शहरात उतारा शोधला. एकाऐवजी दोन कॉइल शेजारीशेजारी ठेवायच्या आणि दुसरी उलटी जोडायची. घूं दोन्हींत सारखाच शिरतो, पण एकीत वर जाताना दुसरीत खाली जातो, म्हणून बेरीज जवळजवळ शून्य! हाच हमबकर.

मग तारेचा सूर का मरत नाही? खरी गंमत इथेच आहे. कॉइलच्या जोडीखाली एकच लोहचुंबक आडवा असतो. एका कॉइलला त्याचा उत्तर ध्रुव मिळतो, दुसरीला दक्षिण. तारेच्या कंपनाची वीज होते ती या चुंबकामुळे. म्हणून सूर चुंबकाने एकदा उलटतो, जोडणीने पुन्हा उलटतो आणि सुलट होऊन दुपटीने बाहेर पडतो. ऋण गुणिले ऋण बरोबर धन! घूंला या चुंबकाशी काही देणंघेणं नाही. तो एकदाच उलटतो आणि संपतो.

सुरुवातीच्या हमबकरमध्ये दोन कॉइलचा सांधा आतच दडलेला असे. पुढे दोन्ही कॉइलची चारही टोकं बाहेर काढणारे पिकअप आले, आणि एका पिकअपमधून अनेक आवाज निघू लागले.

शाळेत शिकलेली एकसर आणि समांतर जोडणी आठवा. एका कॉइलचा रोध साधारण ४ किलोओहम धरू. एकसर जोडणीत तो ८ होतो. आवाज भरदार, जाडसर, तीव्र स्वर थोडे दबलेले. समांतर जोडणीत तो २ वर येतो. आवाज हलका पण लख्ख, आणि घूं तरीही गायब. एक कॉइल बंद केली, म्हणजे ‘कॉइल स्प्लिट’ केलं, की उरतात ४. सिंगल कॉइलची खणखणीत धार मिळते, पण घूंही परत येतो. हे तिन्ही आवाज सहा पायांच्या, नखाएवढ्या तीन-स्थितींच्या स्विचवर बसतात. गिटारला भोक पाडायचं नसेल, तर व्हॉल्यूमच्या जागी खेचता येणारा पुश-पुल पॉट लावून त्यांतले दोन मिळवता येतात.

दोन पिकअप एकमेकांविरुद्ध ‘आउट ऑफ फेज’ जोडले तर दोघांत समान असलेला सूर बराचसा कटतो आणि दोघांत जे वेगळं तेवढं उरतं. आवाज पातळ आणि नाकातला होतो. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारचा, दोन्ही पिकअप चालू असलेल्या मधल्या स्थितीतला प्रसिद्ध आवाज असाच आहे. तिच्या मानेजवळच्या पिकअपमधला चुंबक उलटा बसलेला आहे.

जोडणी नीट झाली का, हे कानाने तपासता येतं. ॲम्प्लिफायरचा आवाज कमी ठेवून पिकअपवर दिसणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या दोन ओळींपैकी (एका कॉइलची एक ओळ) एकेका ओळीतल्या खिळ्याला स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवा. चालू कॉइलवर ठळक ‘टक्’ येतो, बंद कॉइलवर अगदी पुसट. एवढ्या साध्या ‘टक्’मधून आतली सगळी वाट कळते.

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी मात्र एक करा. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून दुसऱ्या पिकअपच्या आकृतीवर विसंबू नका. मल्टिमीटरने आधी कॉइलच्या जोड्या शोधा आणि मगच टाका लावा.